पेढीवरचा नवा संगणक : इंटेल की एएमडी?

भिवंडीतील एका कापडपेढीच्या टेबलावर दिवाळीनंतर दोन कोटेशने पंधरा दिवस पडून होती. दोन्ही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेली. पेढी ग्रे कापडाची. कचेरी अंजूरफाट्याजवळ, गोदाम काल्हेरला, आणि कचेरीच्या मागच्या भिंतीपलीकडे शेजाऱ्याचे यंत्रमाग दिवसरात्र चालू. एका कोटेशनवर इंटेलचा कोअर आय-फाइव्ह १२४०० हा प्रोसेसर लिहिला होता, दुसऱ्यावर एएमडीचा रायझेन फाइव्ह ८६००जी. दोन्ही रकमांत नऊ हजारांचा फरक. लाखांचा माल रोज उधारीवर देणारी पेढी नऊ हजारांसाठी पंधरा दिवस अडून बसत नाही. अडचण वेगळीच होती: या दोहोंतून निवड कशाच्या आधारावर करावी, हेच घरात कोणाला ठरवता येत नव्हते.

खरेदी टाळणे मात्र शक्य नव्हते. पेढीवरचा संगणक २०१४ सालचा, चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबविला. विंडोज ११ घालावे, तर ती प्रणाली इंटेलच्या आठव्या पिढीच्या आणि एएमडीच्या रायझेन २००० मालिकेच्या मागचे प्रोसेसर अधिकृतपणे स्वीकारीत नाही. ज्या यंत्रावर बँकेचे व्यवहार होतात, जीएसटीचे पासवर्ड आहेत आणि ई-वे बिले निघतात, ते यंत्र सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्यांवाचून इंटरनेटला जोडून ठेवणे म्हणजे मालाने भरलेले गोदाम रात्री नुसती कडी लावून सोडण्यासारखे आहे.

घरातील तिघांची तीन मते. अण्णांचे म्हणणे, संगणक इंटेलचाच घ्यावा. आजवर तोच चालला. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या मुलाचा कौल एएमडीकडे. त्यात चित्रफितींचे संपादन चांगले होईल आणि पुढे प्रोसेसर बदलता येईल, हे त्याचे कारण. पेढीचे हिशेब पाहणारी मुलगी एम.कॉम. झालेली. तिने दोघांचेही ऐकून घेतले आणि पेढीचा जुना खर्चवही-रजिस्टर काढून बसली.

अण्णांचा पहिला प्रश्न प्रत्येक व्यापारी विचारील असाच होता. “अगं, पण आपले हिशेबाचे सॉफ्टवेअर त्या दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर चालेल का? दहा वर्षांची खाती आहेत त्यात.” या प्रश्नाचे उत्तर ‘चालेल’ एवढेच आहे, परंतु ते तसे का आहे, हे जाणून घेण्याजोगे आहे.

इंटेल १९६८ साली स्थापन झाली, एएमडी १९६९ साली. आयबीएमने १९८१ मध्ये आपल्या वैयक्तिक संगणकासाठी इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर निवडला. मात्र असा महत्त्वाचा भाग एकाच पुरवठादाराच्या भरवशावर ठेवण्यास ती कंपनी तयार नव्हती. म्हणून १९८२ मध्ये इंटेल आणि एएमडी यांच्यात करार झाला आणि इंटेलच्याच रचनेचे प्रोसेसर एएमडीही बनवू लागली. पुढे दोघींत प्रदीर्घ न्यायालयीन भांडणे झाली, तरी आज्ञांची भाषा एकच राहिली. पुढची गंमत अशी की, २००३ साली या भाषेचा चौसष्ट-बिटी विस्तार एएमडीने प्रथम बाजारात आणला आणि २००४ मध्ये इंटेलला तो स्वीकारावा लागला. आज इंटेलच्या संगणकावर जी विंडोज चालते, ती एएमडीने आखलेल्या आज्ञांवर चालते. आणि एएमडीच्या संगणकाचे मूळ इंटेलचे आहे. अण्णांची खाती या दोन घरांपैकी कोठेही सुखाने नांदली असती.

या दोन घरांमध्ये ये-जा केलेला एक पुण्यात जन्मलेला अभियंताही आहे, आणि मराठी वाचकाने त्याचे नाव ठाऊक ठेवावे. विनोद धाम यांचा जन्म १९५० साली पुण्यात झाला. दिल्लीत १९७१ मध्ये अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते १९७५ मध्ये उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस गेले आणि १९७९ मध्ये इंटेलमध्ये रुजू झाले. मार्च १९९३ मध्ये इंटेलने एकतीस लाख ट्रान्झिस्टरांचा पेंटियम आणला. त्याचे जनक म्हणून धाम ओळखले जातात. बँकेत वा पेढीवर आकड्यांशी आयुष्य काढलेल्यांनी पेंटियमचे पुढचे प्रकरणही विसरू नये. १९९४ साली एका गणिताच्या प्राध्यापकांच्या लक्षात आले की, काही विशिष्ट भागाकारांत हा प्रोसेसर किंचित चुकीचे उत्तर देतो. सामान्य ग्राहकास ती चूक क्वचितच भेटेल, असे इंटेलने आधी सांगून पाहिले. लोकांना ते पटले नाही. खतावणीत एका पैशाचा फरक निघाला तरी रात्री दिवा जाळून बसणाऱ्या मंडळींना ते का पटले नाही, हे सांगावयास नको. डिसेंबर १९९४ मध्ये मागेल त्याला प्रोसेसर बदलून देण्याचे कंपनीने जाहीर केले आणि त्यापोटी ४७ कोटी ५० लाख डॉलरांचा बोजा ताळेबंदात दाखविला.

१९९५ मध्ये धाम इंटेल सोडून नेक्सजेन या छोट्या कंपनीत गेले. ती कंपनी एएमडीने विकत घेतली आणि एप्रिल १९९७ मध्ये तिच्या रचनेवर आधारलेला के-६ हा प्रोसेसर एएमडीच्या नावाने आला. पेंटियम बसविण्याच्या ‘सॉकेट ७’ या खाचेतच तो बसत असे. मदरबोर्ड तोच, मनात येईल त्या कंपनीचा प्रोसेसर त्यात घालावा. मात्र पुढच्याच महिन्यात इंटेलने पेंटियम-टू आणला, तोही निराळ्या खाचेचा. तेथून दोन्ही कंपन्यांचे मदरबोर्ड कायमचे वेगळे झाले. धाम यांना २०२५ मध्ये पद्मभूषण जाहीर झाले.

आजच्या खरेदीची खरी गाठ तेथे आहे. ग्राहक दुकानात ‘कोणता प्रोसेसर?’ असे विचारतो. प्रत्यक्षात तो प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम असा एकमेकांत गुंतलेला संच निवडीत असतो. दुकानदारांच्या भाषेत त्याला प्लॅटफॉर्म म्हणतात. भिवंडीकरास हे समजण्यास अवघड जाऊ नये. १९८२ च्या संपानंतर मुंबईतील गिरण्यांचे कितीतरी काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळले, आणि जुने माग येथे वर्षानुवर्षे चालत राहिले, ते काही वेगामुळे नव्हे. मोडलेला भाग बाजारात मिळतो आणि तो बसविणारा कारागीर गल्लीत भेटतो, म्हणून ते चालले.

मुलाचा मुद्दा प्लॅटफॉर्मचाच होता. पहिल्या कोटेशनमधील एलजीए १७०० ही खाच इंटेलने २०२१ च्या अखेरीस आणली. बारावी, तेरावी आणि चौदावी पिढी तिच्यावर झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेला मात्र एलजीए १८५१ ही नवी खाच लागते. म्हणजे पहिल्या कोटेशनच्या मदरबोर्डाचा रस्ता चौदाव्या पिढीपाशी संपतो. उलट एएमडीची एएम-५ ही खाच सप्टेंबर २०२२ ची. तिच्यावर रायझेन ७०००, ८००० आणि ९००० या मालिका आल्या, आणि २०२७ व त्यापुढेही तिला आधार देण्याचे कंपनीने जाहीर केले आहे.

“म्हणजे पुढे नुसता प्रोसेसर बदलला की संगणक नवा!” मुलगा म्हणाला.

बहिणीने रजिस्टर पुढे सरकविले. “हे वाच. २०१७ मध्ये रॅम वाढवली. २०१९ मध्ये एसएसडी घातली. अकरा वर्षांत प्रोसेसर बदलल्याची एकही नोंद नाही. अण्णा, जो हक्क आपण कधी बजावणार नाही, त्याचे पैसे का भरायचे?”

तिचा हिशेब बिनतोड होता. सामान्य पेढीवर प्रोसेसर बदलण्याचा प्रसंग येतच नाही. यंत्र संथ झाले तरी मुनीमजी चहा घेऊन तेवढा वेळ काढतात. हिशेबाच्या कामाला तर दोन्ही प्रोसेसर गरजेहून कितीतरी अधिक आहेत. १२४०० मध्ये सहा कोअर आणि बारा थ्रेड, ८६००जी मध्येही सहा आणि बारा. ई-वे बिल निघण्यास जो वेळ लागतो तो सरकारी सर्व्हरचा आणि इंटरनेटचा असतो, प्रोसेसरचा नव्हे. ८६००जी मधील चित्रशक्ती इंटेलपेक्षा पुष्कळ वरचढ, हे खरे; परंतु खतावणीची उभी-आडवी घरे रंगवण्यास तिचा काय उपयोग? अण्णा समाधानाने हसले. इंटेलचे कोटेशन जवळजवळ मंजूर झाले.

पण त्याच पानावर, तिच्या बोटाखाली, आणखी एक नोंद होती : जुलै २०२३, मदरबोर्ड.

त्या पावसाळ्यात एका सकाळी संगणक सुरूच झाला नाही. मदरबोर्ड गेला होता. जूनचे विवरणपत्र २० तारखेपर्यंत भरावयाचे होते. पोर्टल कोणत्याही संगणकावर उघडते. आकडे मात्र त्या पेटीत अडकले होते आणि पेनड्राइव्हवरची प्रत मार्चची होती. चौथ्या पिढीची एलजीए ११५० ही खाच बाजारातून केव्हाच गेलेली. नामांकित कंपनीचा नवा बोर्ड मिळेना. दुरुस्ती करणाऱ्याने पेटी सहा दिवस ठेवून घेतली आणि अखेर कोणत्याही नावाचा नसलेला एक बोर्ड बसवून दिला. विलंब शुल्क दिवसाला पन्नास रुपयांप्रमाणे तीनशे रुपये, शिवाय करावर वार्षिक १८ टक्के दराने व्याज. रक्कम किरकोळ, परंतु तीस वर्षांत एकही विवरण उशिरा न भरलेल्या अण्णांना ते सहा दिवस झोप लागली नव्हती. घरात त्या आठवड्याविषयी अजूनही कोणी मोठ्याने बोलत नाही.

मुलगी बराच वेळ त्या नोंदीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “माझंच चुकलं, अण्णा. प्रोसेसर आपण बदलत नाही, पण मदरबोर्ड बदलावा लागला. खाच किती वर्षं बाजारात राहते, हा प्रश्न वाढीचा नाही, दुरुस्तीचा आहे.”

संगणकात प्रोसेसर हा सर्वांत कमी बिघडणारा भाग. बिघडतात ते एसएमपीएस, पंखे आणि मदरबोर्ड. आणि मदरबोर्ड गेला, तर त्याच खाचेचा दुसरा नवा बोर्ड मिळाला पाहिजे. अन्यथा चांगला प्रोसेसर आणि चांगली रॅमही भंगारात. या कसोटीवर गेल्या दहा-अकरा वर्षांचा इतिहास बोलका आहे. इंटेलच्या खाचा २०१३ मध्ये ११५०, २०१५ मध्ये ११५१, २०१७ मध्ये नाव तेच पण जुन्या बोर्डांशी न जुळणारी ११५१, २०२० मध्ये १२००, २०२१ मध्ये १७०० आणि २०२४ मध्ये १८५१ अशा बदलत गेल्या. एएमडीची एएम-४ ही खाच २०१६ ची. तिचे नवे बोर्ड आजही दुकानात आहेत. एएमडीनेही सर्व काही आपणहून दिले असे नाही. एएम-४ च्या पहिल्या बोर्डांना रायझेन ५००० चा अधिकृत आधार २०२२ पर्यंत मिळाला नव्हता. तरी एकंदर जमाखर्च एएमडीच्या बाजूने निघतो.

दोघांच्या दोषांचीही चर्चा झाली. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होत असल्याच्या तक्रारी गाजल्या. वाजवीपेक्षा अधिक व्होल्टेज हे कारण निघाले. ऑगस्ट २०२४ पासून कंपनीने मायक्रोकोडच्या दुरुस्त्या दिल्या आणि अशा प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनी वाढविली. मुलाने हे प्रकरण मोठ्या आवेशाने मांडले. परंतु कोटेशनमधील १२४०० बाराव्या पिढीचा, त्याला ती बाधा नाही. आणि २०२३ मध्ये एएम-५ च्या बोर्डांवर एएमडीचे काही प्रोसेसर जळाले होते, तेव्हा तिलाही बायोसमधून व्होल्टेजला मर्यादा घालावी लागली होती. एकूण काय, बोर्ड घेताना त्याचे बायोस अद्ययावत करून घ्यावे, हा आग्रह दोन्हीकडे धरावा.

भिवंडीचा म्हणून एक वेगळा मुद्दा आहे, आणि तो कोणत्याही जाहिरातीत सापडणार नाही. मागांच्या शेजारी हवेत कापसाची तुसे असतात. ती प्रोसेसरवरच्या पंख्यात आणि त्याखालच्या धातूच्या पट्ट्यांत नमद्यासारखी बसतात, हवा अडते, प्रोसेसर तापतो आणि आपणहून वेग कमी करतो. ‘संगणक म्हातारा झाला’ अशी तक्रार येथे पुष्कळदा केवळ तुसांची असते. दर दोन-तीन महिन्यांनी वीज बंद करून, पंख्याचे पाते बोटाने धरून, ब्लोअरने सफाई करावी. वर्षाकाठी पंखा उतरवून थर्मल पेस्ट बदलावी लागते, आणि तेथे एएम-४ चा जुना दोष आड येतो. त्या प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरलाच असतात; वाळलेल्या पेस्टमुळे पंखा उचलताना प्रोसेसरही खाचेतून उपटून येतो आणि पिना वाकतात. एएम-५ मध्ये इंटेलप्रमाणेच पिना बोर्डावर गेल्या आणि प्रोसेसर चौकटीने दाबून धरला जातो. दुकानदाराने मधला मार्ग म्हणून एएम-४ वरचा स्वस्त ५६००जी सुचविला होता. तो नाकारण्यात या गोष्टीचा वाटा मोठा होता. हां, बोर्डावरच्या पिनाही नाजूकच असतात. रिकाम्या खाचेला बोट लावू नये, आणि पेढीवरच्या उत्साही पोऱ्याला तर लावू देऊच नये.

राहता राहिली रॅम. पहिल्या कोटेशनच्या बोर्डावर डीडीआर-४ बसत होती. एएम-५ ला डीडीआर-५ वाचून गत्यंतर नाही. पेढीच्या जुन्या संगणकातील डीडीआर-३ दोन्हीकडे निरुपयोगी. त्यातच २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची मागणी एवढी वाढली की, जगभर मेमरीचे भाव कडाडले. सूताचा भाव चढला की विणकर जसा बीम पुरताच माल उचलतो, तसे मुलीने केले. कोटेशनमधील सोळा-सोळा जीबीच्या दोन पट्ट्यांऐवजी तिने एकच पट्टी ठेवली. एका पट्टीने चित्रकाम मंदावते, हिशेब मंदावत नाही; दुसरी जागा रिकामी राहते आणि भाव उतरल्यावर भरता येते. दुसरा बदल प्रोसेसरचा. ८६००जी च्या जागी त्याच खाचेचा रायझेन फाइव्ह ७६००. त्याची अंगभूत चित्रशक्ती जेमतेम, परंतु पेढीस पुरेशी. आणि मुलाला पुढे स्वतःच्या पैशाने ग्राफिक कार्ड घालावयाचे झाल्यास तोच अधिक सोयीचा. नऊ हजारांचा फरक साडेचार हजारांवर आला.

“साडेचार हजार जास्तच ना?” अण्णांनी विचारले.

मुलीने आयकराचा घसारा मांडून दाखविला. संगणकाला तो घटत्या किमतीवर ४० टक्के मिळतो. पूर्ण वर्षाच्या घसाऱ्याने पन्नास हजारांची खरेदी पुस्तकात तीस हजारांवर येते, मग अठरा, मग दहा हजार आठशे. शिवाय १८ टक्के जीएसटीची वजावट. पुस्तकातून यंत्र तीन-चार वर्षांत जवळजवळ नाहीसे होते. टेबलावर मात्र ते दहा वर्षे राहते. आणि जीएसटीच्या कायद्याप्रमाणे खाती वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. साडेचार हजारांना दहा वर्षांनी भागल्यास महिन्याला चाळीस रुपयांहून कमी पडतात. एका तुटलेल्या आठवड्याची ती भरपाई अण्णांना महाग वाटली नाही.

येथे एक सांगणे आवश्यक आहे. ज्या घरी असा हिशेब करणारे आणि पेटी उघडून साफ करणारे कोणी नाही, त्यांनी या सर्व खटाटोपात पडू नये. जागेवर येऊन दुरुस्ती देणाऱ्या नामांकित कंपनीचा तयार संगणक घ्यावा. आत इंटेल आहे की एएमडी, याने त्यांना काही फरक पडणार नाही. पुण्यातील महासंगणकांतही आयसरच्या ‘परम ब्रह्म’मध्ये इंटेलचे प्रोसेसर आहेत, तर सी-डॅकच्या ‘परम सिद्धी-एआय’मध्ये एएमडीचे. २०२० मध्ये जगातील पाचशे महासंगणकांच्या यादीत त्रेसष्टावा क्रमांक मिळविणारा हाच दुसरा.

रविवारी भावंडे ठाण्याहून लोकलने गेली आणि खोके घेऊन संध्याकाळी परतली. मदरबोर्डाच्या खोक्यावरचा क्रमांक आणि बिलाची तारीख मुलीने रजिस्टरात लिहिली. विंडोजचा ओईएम परवाना त्या बोर्डाशी बांधलेला असतो, हेही समासात नोंदविले. यूपीएसची बॅटरी त्याच दिवशी बदलली. खात्यांची प्रत आता दर शनिवारी दोन ठिकाणी निघते, एक पेढीवर आणि एक घरच्या कपाटात.

जुना संगणक मात्र अण्णांनी भंगारात जाऊ दिला नाही. त्याची इंटरनेटची वायर काढून घेतली आहे. कोपऱ्यातील छोट्या टेबलावर तो उभा आहे, आणि एखादी जुनी बाकी तपासावयाची झाली की अण्णा मुनीमजींना तोच सुरू करावयास सांगतात.